एकोणीस दिवसांचे जहाज

मित्रांनो, मी एक जुने मालवाहू जहाज आहे. खरे तर अर्धेच. मागचा अर्धा भाग समुद्राच्या तळाशी आहे आणि माझा राग अजून उतरलेला नाही.

युद्धात जहाजे भराभर बुडत होती, म्हणून आम्हाला भराभर बांधत. शेजारच्या गोदीने एक जहाज बावीस दिवसांत बांधले. आमच्या मुकादमाला ते झोंबले. रोज कोणी किती फूट सांधा जोडला, ते तो फाटकावरच्या फळ्यावर लिहू लागला. फळ्यावर मागे पडायला कोणालाच नको होते. मग काहीजण दोन पत्र्यांमधल्या रुंद फटीत वेल्डिंगच्या काड्या न वितळवता तशाच कोंबत आणि वरून पातळ थर ओढत. वरून सगळे छान दिसे.

माझ्या डेकचा एक सांधा असाच भरला गेला. भरणारी बाई गोदीतली सर्वांत हुशार वेल्डर होती. दोन दिवसांनी तिचा धाकटा भाऊ हसत आला. त्याला माझ्याच बॉयलरवर नेमले होते.

"ताई, तू जोडलेलं जहाज आहे. मला कसली काळजी?"

तिचा चेहरा उतरला. ती तडक मुकादमाकडे गेली. "तो सांधा मला पुन्हा उघडू द्या. आत काड्या भरल्यात, मीच भरल्यात."

"बाई, जहाज पाण्यात सोडायचा बँड दारात येऊन उभा आहे," मुकादम म्हणाला. "आता कापाकापी काढू?"

त्याच दिवशी, म्हणजे एकोणिसाव्या दिवशी, मला पाण्यात ढकलले. टाळ्या वाजल्या. मला त्या टाळ्यांची आजही चीड येते.

तिसऱ्या फेरीत, गार पण शांत समुद्रात, शत्रू जवळपास नसताना मी त्याच सांध्यापासून तुटले. बॉयलर मागच्या भागात होता. तिचा भाऊही.

चौकशीत ती उभी राहिली आणि सगळे सांगितले. साहेब म्हणाले, "खाली बसा." अहवालात समुद्राच्या थंडीला दोषी धरले. समुद्राच्या माथी खापर फोडणे सोपे, तो उलट बोलत नाही.

माझा तरंगत राहिलेला पुढचा भाग ओढून आणला, आणि आज मी बंदराच्या तोंडाशी लाटा अडवत उभे आहे. माझ्यावर पितळी पाटी आहे: 'एकोणीस दिवसांत बांधलेले जहाज'. मुले तिच्यासमोर फोटो काढतात. ती बाई म्हातारी होईपर्यंत दरवर्षी यायची, पण पाटीकडे बघायचीही नाही. माझ्या तुटक्या कडेतून गंजलेली एखादी काडी उपटायची आणि घरी न्यायची.

मित्रांनो, कोणी "माझं चुकलंय, उघडून बघू द्या" म्हणाले, तर आधी बँड थांबवा. माझ्या कडेत अजून सात काड्या शिल्लक आहेत. आता त्या न्यायला कोणी येत नाही.