लाजाळू पेशंट

“निळी झाली! माझी पट्टी निळी झाली!”

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये शंभर-सव्वाशे माणसं टाळ्या पिटत होती आणि आमचा दादा लघवी तपासायची पट्टी उंच धरून शर्यत जिंकल्यासारखा फिरत होता. मी दवाखान्यात नर्स आहे. लघवीच्या बाटल्या रोजच हाताळते. पण लघवीला टाळ्या पडताना त्या दिवशी प्रथमच पाहिलं.

ही करामत पट्टीबाबांची. सकाळी आल्या आल्या लघवीत पट्टी बुडवायची. साखर असली की ती तपकिरी होते. मग बाबांचं ‘स्पंदनजल’ तीन मोठे पेले प्यायचं, दोन तास प्रवचन ऐकायचं आणि पुन्हा लघवी तपासायची. पट्टी निळी! म्हणजे साखर गायब.

“मधुमेह हा रोगच नाही,” बाबा माइकवर सांगत होते. “तो साखरेचा गैरसमज आहे. आम्ही साखरेशी बोलतो. ती ऐकते!”

माझी वहिनी कानाशी कुजबुजली, “माझं मात्र कुणी ऐकत नाही. ह्यांनी गोळ्या बंद केल्यात. महिना झाला.”

दादा शिंपी. बारा वर्षांचा मधुमेह आणि हट्ट त्याहून जुना. संध्याकाळी वहिनीला घेऊन मी तडक त्याच्या दुकानात गेले.

“दादा, गोळ्या का सोडल्यास?”

“अगं, तळपायांची आग थांबली! तुमच्या औषधांनी थांबत नव्हती. आता बघ, थंडगार.”

“बघतेच. मोजा काढ.”

तो हसत हसत बसला, मी मोजा ओढला आणि वहिनी किंचाळलीच. तळव्यात टाचणी रुतली होती. शिवणकामाचीच, डोक्यापर्यंत आत. भोवती पू.

“कधी लागली ही?” मी विचारलं.

दादा पाय वळवून पाहत राहिला. त्याला काहीच माहीत नव्हतं.

आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी टाचणी काढली, जखम साफ केली. रक्तातली साखर निघाली चारशे दहा.

“पण पट्टी तर निळी होती,” दादा पुटपुटला.

“आणि आग थांबली, कारण पायाच्या नसा बधिर झाल्यात,” बाई म्हणाल्या. “दुखणं गेलं नाही मास्तर, दुखणं कळायचं गेलं. बरं, त्या पाण्याची चव कशी असते?”

“आंबट. बाबा म्हणतात, अहंकार विरघळतो म्हणून.”

बाई खुदकन हसल्या. “अहंकार आंबट असतो होय! रविवारी मलाही न्या.”

रविवारी त्या व्यासपीठापाशी गेल्या आणि नम्रपणे म्हणाल्या, “बाबा, माझा एक पेशंट फार लाजाळू आहे. त्याला इथंच बरं कराल?”

“आणा की!”

बाईंनी पिशवीतून काचेचा पेला काढला. त्यात साधं पाणी ओतलं, चमचाभर ग्लुकोजची पावडर ढवळली, पट्टी बुडवली. तपकिरी. मग बाबांच्याच जगमधलं स्पंदनजल त्यात ओतलं आणि नवी पट्टी बुडवली.

निळी!

हॉल दणाणला. बाबाही खुलले. “पाहिलंत? आमचं जल पेल्यालासुद्धा सोडत नाही!”

“म्हणजे साखर गेली?”

“समूळ!”

“मास्तर, तुम्ही यांचे जुने भक्त. एक घोट चाखून सांगा.”

दादा लंगडत पुढे आला. घोट घेतला. त्याचा चेहरा आधी गोंधळला, मग उतरला.

“आंबटगोड आहे,” तो म्हणाला. “बाबा, हे तर सरबत आहे!”

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि हसू रांगारांगांतून पुढे आलं. बाबांना एकाएकी दुसऱ्या गावच्या भक्तांची आठवण झाली. ते मागच्या जिन्यानं गेले. माइक तेवढा चालू राहिला होता.

तोच बाईंनी हातात घेतला. “माझ्याकडे ना मंत्र आहे ना सिद्धी. ही औषधांच्या दुकानात मिळणारी क जीवनसत्त्वाची आंबट गोळी. बाबांच्या जलातही हेच असणार.” त्यांनी दुसऱ्या पेल्यात ग्लुकोज घातलं, गोळ्या चुरल्या, पट्टी बुडवली. निळीच. “साखर भेटली की पट्टीतलं रसायन रंग बदलतं. हे जीवनसत्त्व तो रंग येऊच देत नाही. भरपूर घेतलं की ते लघवीतून बाहेर पडतं आणि पट्टी फसते. वर तीन पेले पाण्यानं लघवीही पातळ होते. रक्तातली साखर मात्र तिथंच बसून डोळे, मूत्रपिंड, नसा पोखरत असते.”

एक म्हातारी उठली. घाबरत म्हणाली, “बाई, मी इंजेक्शन सोडलंय. मला रागावणार का?”

“नाही हो आजी. आधी रक्त तपासू. चला माझ्याबरोबर.”

आजी निघाल्या, त्यांच्यामागे आणखी एक, मग आणखी. दुपारपर्यंत आमच्या दवाखान्याबाहेर बाकावर जागा उरली नाही. तपासलेल्या पस्तीसपैकी एकोणतीस जणांची साखर चढलेली होती.

दादाची जखम भरायला अडीच महिने लागले. पाय वाचला, पण तळव्याची जाण परत आली नाही. ती आता यायचीही नाही. बधिर पाय वाचवता येतो. रोज तो बघावा लागतो, एवढंच.

म्हणून माझं सगळ्यांना सरळ सांगणं आहे: नवल दिसलं की जरूर बघा, पण हे कसं झालं, ते विचारल्याशिवाय घरी जाऊ नका. तुमच्या प्रश्नापासून जो पळ काढतो, त्याच्या हाती आपला जीव देऊ नका. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी सोडू नका.