तळहातावरचा वास

“भाऊजी, तोडून टाका आता! कॅलेंडर बघा जरा.”

“गेल्या वर्षी कॅलेंडरचंच ऐकलं होतं.”

मेहुणीने कॅलेंडर परत खिळ्याला अडकवलं. गेल्या वर्षी, माझी बायको गेल्यावर, मी हॉपची, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या वेलीची, बोंडं कॅलेंडर बघून तोडली, ती आठवडाभर उशिरा. बिअर बनवणाऱ्या बाईंनी पोतं उघडलं आणि कांद्याचा वास येतो म्हणून परत पाठवलं. यंदाही बिघडलं तर या वेली उपटून भरपूर पिकणारी कडू जात लावायची, असं ठरलं होतं.

आताची जात हिने लावलेली. बोंडं निम्मीच येतात, हवा दमट झाली की बुरशी धरते. पण वासाला तोड नाही म्हणे. ‘म्हणे’ अशासाठी, की मला वास येतच नाही. लहानपणी तापात गेला.

“तुमचं नाक म्हणजे चष्मा अडकवायची खुंटी,” ही म्हणायची. तिच्या बोटांना कायम लसणाचा वास, म्हणून बोंड माझ्या तळहातावर चोळून हुंगायची. “नाही.” दुसऱ्या दिवशी पुन्हा, “नाही.” मग एखाद्या सकाळी, “आज.” तीस वर्षं हात पुढे करणं एवढंच माझं काम.

मेहुणीने बोंड हुंगलं. “गवतासारखं वाटतंय बाई. पण मला सर्दी आहे, माझं धरू नका.”

मी तळहातावर चोळून पाहिलं. पिवळी पूड लागली, झटकली की गेली. दुसऱ्या दिवशीही तेच.

तिसऱ्या दिवशी चोळून परत निघालो, तर फाटकाच्या कडीला हात चिकटला. ओढून सोडवावा लागला. तसाच थांबलो. ती “आज” म्हणायची त्या दिवशी दरवर्षी माझा हात इथे असाच अडकायचा, आणि ती हसायची.

“आज,” मी म्हणालो. मेहुणीने टोपल्या काढल्या.

बोंडं वाळल्यावर बाई आल्या. सवयीने मी हात पुढे केला. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग बोंड माझ्याच हातावर चोळलं आणि वाकून हुंगलं.

“हे बिअरमध्ये अगदी शेवटी घालायचं. उकळत ठेवलं तर वास उडून जाईल,” त्या स्वतःशीच म्हणाल्या.

म्हणजे त्या माल घेणार होत्या, वेली राहणार होत्या.

“वास कसा आहे हो?” मी विचारलं.

“तुम्हाला नाही माहीत?”

“हिला कधी विचारलंच नाही.”

त्यांनी डोळे मिटून पुन्हा हुंगलं. “संत्र्याची साल सोलताना येतो ना, तसा. आणि मागून जरासा ओल्या लाकडाचा.”

मी दुसराही हात पुढे केला.