पिवळ्या दाराची खूण

“काका, काकू आमच्याकडे आहेत. पोळ्या लाटतायत,” वरच्या मजल्यावरची सुरुची दारात उभी राहून म्हणाली. “मी नको म्हटलं, तर मलाच म्हणाल्या, पाहुणीनं ओट्याशी येऊ नये.”

यज्ञेश्वर चपला सरकवून वर गेले. मालनबाई परक्या ओट्यापाशी पदर खोचून उभ्या होत्या. पोळ्या गोल होत होत्या, मऊ होत होत्या. घर तेवढं चुकलं होतं.

यात मालनबाईंचा एकटीचा दोष नव्हता. कर्वेनगरातल्या त्या सोसायटीत सगळी दारं चॉकलेटी होती. ज्याची स्मरणशक्ती ठणठणीत, तोही कधीमधी शेजाऱ्याच्या कुलपात आपली किल्ली फिरवायचा. मालनबाईंची तर दोन वर्षांपासून उतरणीला लागली होती.

“बाहेरून कुलूप लावत जा, काका,” सेक्रेटरी आमोदनं सुचवलं. “कुत्री पाळणाऱ्यांनाही आपण तेच सांगतो. नियम सगळ्यांना सारखा.”

यज्ञेश्वरांनी कुलूप आणलं आणि किल्लीसकट कपाटात बंद करून टाकलं. जन्मभर जिनं त्यांच्यासाठी दार उघडलं, तिला कोंडायचं कसं?

त्यांची सगळी नोकरी बसच्या डेपोत, ‘हरवले-सापडले’च्या खिडकीमागे गेली होती. छत्र्या, डबे, एका पायाची चप्पल. एकदा एक कवळी आली. दोघांनी तिच्यावर हक्क सांगितला आणि दोघांनाही ती बसली. खिडकीचा नियम साधा होता : खूण सांगा, वस्तू न्या. आणि ज्याची वस्तू कधीच सापडणार नाही हे स्पष्ट दिसायचं, त्या माणसालाही यज्ञेश्वर ‘नाही’ म्हणत नसत. “उद्या येऊन बघा,” म्हणत. माणसं मान डोलावून जात.

तेव्हा इथेही खूणच हवी, असं त्यांनी ठरवलं. चैत्र लागला होता. दुकानातून त्यांनी झेंडूसारखा पिवळाधमक रंग आणला आणि दार रंगवलं. वर आंब्याच्या पानांचं तोरण, खाली चैत्रांगण. ते त्यांनी स्वतःच काढलं. त्यातला हत्ती म्हशीवर गेला. मग रोज सकाळ-संध्याकाळ शिकवणी.

“मालन, आपल्या घराची खूण काय?”

“अहो, किती वेळा विचाराल? पिवळं दार!”

आणि ते चाललं. खालच्या बाकावर बसून मालनबाई एकट्या वर येऊ लागल्या, तोरणाला हात लावून आत शिरू लागल्या. चहा टाकताना यज्ञेश्वर चक्क गुणगुणू लागले. इथेच चुकलं असावं.

आमोदनं दार पाहिलं. त्याला ते भारी आवडलं. संध्याकाळी ग्रुपवर घोषणा झाली : ‘वसंत-द्वार सजावट स्पर्धा’. रंगारी एकच ठरवला, त्यानं ठोक भावात एकच रंग आणला, आणि आठवड्याभरात सोसायटीतलं दारन् दार पिवळं झालं. प्रत्येकाला तोरण, प्रत्येकापुढे चैत्रांगण. कुणीतरी तर हत्तीसुद्धा म्हशीसारखाच काढला, तीच पद्धत असेल म्हणून.

“आमोद, अहो, ती सजावट नव्हती,” यज्ञेश्वर त्याच्या घरी जाऊन म्हणाले.

“मग काय होतं?”

“खूण होती. हिच्यासाठी.”

“काका, मनाला लावून घेऊ नका. उत्तेजनार्थ देऊ की तुम्हाला.”

तेही मिळालं नाही. परीक्षकांनी शेरा मारला, ‘प्रयत्न चांगला, नावीन्याचा अभाव.’

मालनबाईंना मात्र आता घरंच घरं झाली. एकीकडे जेवत, दुसरीकडे जाऊन झोपत. “काका, आता तरी कुलूप,” आमोद म्हणाला. या वेळी त्यानं कुत्र्यांचं नाव काढलं नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

शेवटी यज्ञेश्वरांनी चॉकलेटी रंगाचा डबा आणला. सगळ्या सोसायटीत आता चॉकलेटी दार एकच राहणार होतं. त्यांनी तोरण काढलं, दार पुन्हा होतं तसं केलं आणि हातात ब्रश घेऊन बनियनवर वाट पाहत उभे राहिले.

मालनबाई जिना चढून आल्या. दारापुढे थांबल्या. नवऱ्याकडे पाहून त्यांनी डोळे वटारले.

“अहो! लोकांच्या दारात असे बनियनवर काय उभे राहता?”

“मालन, हेच आपलं घर.”

“छे! मला काय खुळी समजलात?” त्या ठामपणे म्हणाल्या. कित्येक महिन्यांत त्या इतक्या ठामपणे बोलल्या नव्हत्या. “आपलं दार पिवळं.”

खूण अगदी बरोबर होती. यज्ञेश्वर खिडकीवर असते, तर सही घेऊन त्यांनी वस्तू देऊन टाकली असती.

त्यांनी सदरा चढवला. “चल, शोधू या,” म्हणाले. दोघं आधी वर गेली, मग एकेक मजला उतरू लागली. दर पिवळ्या दारापुढे मालनबाई थांबत, निरखून पाहत, मान हलवत. “हे नव्हे.” यज्ञेश्वरही म्हणत, “हे नव्हे.”

दारं संपली. दोघं शेवटच्या पायरीवर बसली. मालनबाईंनी त्यांच्या बोटांवरचा ओला चॉकलेटी रंग पदरानं पुसायला घेतला.

“सापडेल ना हो?”

यज्ञेश्वरांनी घसा साफ केला.

“उद्या येऊन बघा,” ते म्हणाले.

मालनबाईंनी समजूतदारपणे मान डोलावली.