गाडी आधी

चिठ्ठी देवश्रीने मुद्दाम जाड कागदावर, ठळक अक्षरांत लिहिली होती. ‘गाडी आधी बंद. मग मोटर. उर्वीची खोली सगळ्यात शेवटी.’ मीटरखालच्या बोर्डावर ती तिने चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून डकवली, वर पुन्हा बोट फिरवून दाबली, आणि मग दोन वर्षांच्या उर्वीला कडेवर घेऊन धारला माहेरी गेली. घरात दोन दिवस भिंतींना भोकं पडणार होती. उर्वीला बालदमा. धूळ उडाली की पोरीची छाती वाजायला लागते, हे देवासच्या त्या गल्लीत सगळ्यांना पाठ होतं.

त्या धुळीपायीच तर हा सगळा खटाटोप. घराचं वायरिंग सासऱ्यांच्या काळातलं. सासरे नाशिकहून देवासच्या कारखान्यात आले तेव्हा घरात चार पंखे, एक फ्रिज आणि गणपतीतली रोषणाई, एवढाच विजेचा संसार होता. आता छतावर सोलर चढलं, उर्वीच्या खोलीत एसी आला आणि देवश्रीच्या नवऱ्याने, शंतनूने, विजेवरची गाडी दारात आणून उभी केली. बघायला आलेल्या पहिल्या कारागिराने बोर्ड उघडला आणि च्च केलं. एवढं सगळं एकदम चाललं तर मेन टिकणार नाही, म्हणाला. तीन फेजची लाइन घ्या, मोठा बोर्ड बसवा, व्हरांड्याची भिंत फोडून नवी केबल आत आणा. अर्जाला महिने लागणार ते निराळेच.

भिंत फोडायला देवश्रीने साफ नकार दिला. तेव्हा माधवने तोड काढली. माधव शंतनूचा शाळेतला दोस्त, ए. बी. रोडवर त्याचं इलेक्ट्रिकचं दुकान. तो म्हणाला, बोर्ड बदलायचं कामच नाही. मेनच्या वायरीवर एक कडी बसवायची, ती घराने किती वीज ओढली ते बघत राहते. हद्द ओलांडली की शेजारची डबी ठरल्या क्रमाने एकेक जड वस्तू उतरवते, ओझं हलकं झालं की परत चालू करते. जुन्या बोर्डावर सगळं निभतं.

“अपनेको फक्त नंबर सांगा भाभी,” तो म्हणाला. “पहिले कोणाला उतरवायचं, मग कोणाला.”

देवश्री कॉलेजात विज्ञान शिकलेली. तिने लगेच नेमकं दुखणं हेरलं. उर्वीच्या खोलीला वायर एकच होती. एसी त्यावर, आणि औषधाची वाफ द्यायचं यंत्र लावायचा सॉकेटही त्यावरच. डबीने एसी उतरवला की यंत्रही बसणार. माधव म्हणाला, एसीला डबीवर घ्यावंच लागेल, नाहीतर ऊन उतरल्यावर मेन उडेल. पण शेवटच्या नंबरला ठेवू, तिथवर वेळ येतच नाही. गाडी एकटी तिप्पट ओढते, ती उतरली की संपलं. तरी देवश्रीने तेच तेच इतकं विचारलं की सासूबाई कंटाळून देवाला बसल्या. शेवटी शंतनू म्हणाला, “अगं, गाडी उभी राहील, पण पोरीची खोली बंद होणार नाही. माझा शब्द घे.”

तिने शब्द घेतला, आणि वर चिठ्ठीही लिहिली.

शंतनूच्या कंपनीचा नवा प्लांट धारच्या बाजूला निघाला होता आणि त्या उन्हाळ्यात त्याला तिथली रात्रपाळी लागली होती. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर. सकाळी नऊला तो यायचा, गाडी चार्जिंगला लावून झोपायचा, आणि संध्याकाळी पाचला भरलेली गाडी काढून निघायचा. दिवसाच्या उन्हावर गाडी भरते, याचं त्याला भारी कौतुक.

मे महिन्यातली ती दुपार. वारा सुटला होता आणि धुळीने ऊन पिवळट झालं होतं, छतावरची वीज कमी पडत होती. सासूबाईंनी कैरीची चटणी वाटायला मिक्सर लावला, पाण्याची मोटर चालू, पलीकडे इस्त्री तापत ठेवलेली. उर्वी सकाळपासून घुरघुरत होती, म्हणून देवश्री तिला मांडीवर घेऊन वाफ देत बसली होती. औषध निम्मं संपलं असेल, तोच यंत्राची घरघर थांबली. एसी बंद पडला, पंखा मंदावला. तिला वाटलं लाइट गेली. मग स्वयंपाकघरातला मिक्सर ऐकू आला.

पोरीला उचलून ती बाहेर धावली. व्हरांड्यात गाडीच्या चार्जरचा हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत होता.

सासूबाईंच्या खोलीत यंत्र लावेपर्यंत उर्वीच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. दहा मिनिटांनी श्वास शांत झाला. तेव्हा कुठे देवश्रीने माधवला फोन लावला.

माधव पंधरा मिनिटांत स्कूटर घेऊन हजर झाला. डबी उघडली, फोनवर आकडे बघितले, चिठ्ठी बघितली. “बरोबर तर आहे भाभी,” तो म्हणाला. “गाडी आधी बंद. आधी बंद, आधी चालू. मी चार्जर हाफवर टाकला. मग मोटर, मग बेबीची रूम.”

देवश्रीने चिठ्ठी पुन्हा एकदा मोठ्याने वाचली. मग तिच्या डोक्यात उजेड पडला. माधवचं घर मराठी, शाळा हिंदी. मराठी तो फर्डं बोलायचा, पण वाचताना हिंदीच वाचायचा. तिची ‘आधी’ म्हणजे पहिल्यांदा. त्याची ‘आधी’ म्हणजे अर्धी. वीज कमी पडल्यावर डबीने गाडी निम्म्यावर आणली, तेवढ्याने भागेना म्हणून मोटर उतरवली, आणि शेवटी उर्वीची खोली. गाडी निम्मी भरतच राहिली.

माधवने कपाळावर हात मारून घेतला. झोपेतून उठून आलेला शंतनू दारात उभा होता. आधी तोच हसला. मग सासूबाई हसल्या, पोर मांडीवर नीट श्वास घेत होती म्हणून देवश्रीही हसली. माधवने तिथेच क्रम बदलला. जुनी चिठ्ठी देवश्रीने नखांनी खरवडून काढली आणि हिंदीत नवी लावली, ‘पहले गाड़ी पूरी बंद।’

किस्सा मग गावभर झाला. गणपतीत महाराष्ट्र मंडळाच्या जेवणात शंतनूने तो पंगतीत, भाऊला ‘भिया’ म्हणत, अस्सल माळवी थाटात रंगवून सांगितला. आमच्याकडे करंट लागत नाही भिया, हिची शुद्ध मराठी लागते. धारकडची आहे, राजाच्या दरबारात चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांच्या घरातली, आमच्यासारख्या कारखान्यातल्यांना कसं झेपणार. लोक पोट धरून हसले. देवश्रीही हसायची. हसताना दर वेळी एक काटा आत जायचा, तो मात्र तिने कोणाला दाखवला नाही. माधव हिंदीत शिकलाय हे तिला माहीत होतं. दोन ओळी हिंदीत लिहिल्या असत्या तर काय बिघडलं असतं? आपल्या एका शब्दाच्या हौसेपायी पोरीचा श्वास अडला. तेव्हापासून ती किराण्याची यादीसुद्धा हिंदीत लिहायला लागली. धारहून तिचे वडील, यशवंतराव, आयुष्यभर मराठी शिकवलेले मास्तर, फोनवर एकदा हळूच म्हणाले, “बाळ, तुझे निरोप हल्ली हिंदीत येतात. काही विशेष?” तिने सवय झाली म्हणून सांगितलं.

दसऱ्यानंतर यशवंतरावांच्या छतावर सोलर बसलं. त्यांना विजेवरची स्कूटर घ्यायची होती, आणि त्यांच्याही घराचा बोर्ड जुनाच. देवश्रीने माधवला धारला बोलावून घेतलं. ती उर्वीला घेऊन आदल्या दिवशीच आली होती. शंतनूला आता दिवसपाळी होती, कामावरून येता येता तो दोघींना घेऊन जाणार होता.

यशवंतरावांनी आपल्या वळणदार अक्षरात क्रम लिहून माधवच्या हातात दिला. त्याने कागद डोळ्यांपासून लांब धरला आणि हसला.

“काका, या वेळी तोंडाने सांगा. तुमच्या ‘आधी’ने मला एकदा मारलंय.”

“मग तेव्हाच विचारायचं होतंस गृहस्था,” यशवंतराव म्हणाले.

“विचारलं होतं ना.” माधव पायरीवर पाय ठेवून वायर सोलत होता, त्याचं लक्ष वायरीत. “मलापण डाउट आला. अर्धी बंद करायची, हे काय असतं? शंतनू भियाला फोन लावला. वाचून दाखवलं. भिया बोला, हो, आधी म्हणजे हाफ. गाड़ी पूरी बंद मत करना. म्हणून तर बिनधास्त केलं.”

देवश्री उर्वीला केळं भरवत होती. तिचा हात थांबला.

“कधी लावलास फोन?”

“फिटिंगच्याच दिवशी. तुम्ही इथे होता ना.” मग त्याने वर बघितलं, तिचा चेहरा बघितला, आणि वायर खाली ठेवली. “भियाने सांगितलं असेल ना भाभी तुम्हाला.”

तिने उरलेलं केळं बाजूला ठेवलं. यशवंतराव चष्मा पुसायला लागले.

शंतनूचं मराठी कच्चं आहे, असं कोणी म्हटलं असतं तर तिने त्या क्षणी आनंदाने मानलं असतं. पण कसं मानणार? रोज उठल्या उठल्या त्याचं पहिलं वाक्य असायचं, आधी चहा, मग दुनिया. चहा कधी त्याने अर्धा मागितला नव्हता. त्याला पक्कं ठाऊक होतं काय लिहिलंय ते. कोणी लिहिलंय आणि कशासाठी, तेही. आणि तो हसला होता. पोर तिच्या मांडीवर धापा टाकून थकलेली, आणि दारात उभा राहून सगळ्यांच्या आधी तोच हसला होता.

साडेचारला गाडीचा हॉर्न वाजला. शंतनूने सासऱ्यांना नमस्कार केला, चहा घेतला, माधवच्या पाठीवर थाप मारली. माधवने डोळे वर केले नाहीत. देवश्री उर्वीला घेऊन मागच्या सीटवर बसली. एरवी ती पुढे बसायची.

धारची वस्ती मागे पडली, दोन्ही बाजूंना सोयाबीन काढलेली काळी रानं लागली, तेव्हा ती बोलली.

“माधवने तुला फोन केला होता. आधी म्हणजे काय, विचारायला.”

त्याने आरशात बघितलं. “आता त्याला सहा महिने झाले, देवू.”

“तू काय सांगितलंस?”

त्याने पुढचा ट्रॅक्टर ओलांडला. मग त्याने सांगितलं, आणि सांगताना त्याचा आवाज चांगला समजूतदार होता. नवा प्लांट, नवा साहेब, रात्रपाळी. दिवसा गाडी दोनदा-तीनदा पूर्ण बंद पडली असती तर भरली नसती, आणि तो बायपासवर रात्री उभा राहिला असता. निम्म्यावर चालू राहिली तर पोहोचता येत होतं. उर्वीचा नंबर शेवटचा होताच की. तिथवर वेळ येणारच नाही, असं माधवच म्हणाला होता.

“आली वेळ.”

“आली. मग लगेच बदललं ना?”

“माधवने बदललं. तू हसलास.”

“तेव्हा सांगितलं असतं तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस. आणि पोरगी बरी होती ना.”

“गाडी अर्धीच बंद कर, असं मला तोंडावर सांगितलं असतंस तर मी भांडले असते,” देवश्री म्हणाली. “भांडून मी यंत्र आईंच्या खोलीत नेऊन ठेवलं असतं. एवढंच झालं असतं. मला माहीत नव्हतं म्हणून ते तिथे होतं.”

शंतनूने आरसा नीट केला. उर्वी तिच्या दंडावर डोकं टेकून पेंगायला लागली.

“सहा महिने मी समजत होते की माझ्यामुळे झालं. तू ऐकत होतास.”

“मला काय माहीत तू मनाला लावून घेतलंस,” शंतनू म्हणाला. “तूही हसायचीस.”

ते खरं होतं. ती हसायची. पंगतीत, गल्लीत, त्याच्या मित्रांसमोर, आणि तो तिचं हसणं बघून किस्सा आणखी फुलवायचा. तिने उर्वीच्या अंगावर ओढणी घातली. पोर जवळ असताना रडायचं नाही, असं तिने स्वतःला घालून घेतलं होतं.

मग तिला रिपोर्ट आठवला. परवा उर्वीच्या रक्ताचा रिपोर्ट आला होता. आणायला शंतनूच गेला, डॉक्टरांशी तोच बोलला, आणि सगळं नॉर्मल आहे, औषध दोनदाऐवजी एकदाच द्यायचं, असं घरी येऊन त्यानेच सांगितलं. कालपासून देवश्री एकदाच देत होती. तिने ते ऐकलं होतं आणि मानलं होतं, जसं माणूस नवऱ्याचं ऐकतो.

तिने फोन काढून दवाखान्यात लावला. पलीकडे कंपाउंडर होता. तिने उर्वीचं नाव सांगितलं, तारीख सांगितली, एकेक गोष्ट हिंदीत विचारली आणि प्रत्येक उत्तर पुन्हा म्हणून पक्कं करून घेतलं. शंतनू आरशात तिच्याकडे बघत होता.

“हां मैडम, रिपोर्ट नॉर्मल है,” कंपाउंडर म्हणाला. “दवा एक ही टाइम देना है। सर को बता दिया था।”

आवाज शंतनूलाही ऐकू गेला. त्याचे खांदे सैल झाले. “बघ,” तो म्हणाला. “सांगितलं होतं ना मी.”

“हो,” देवश्री म्हणाली.

तो खरं बोलला होता. तिने आत कुठे हलकं वाटतंय का ते चाचपून बघितलं. वाटलं नाही. उर्वीचं डोकं तिने दुसऱ्या दंडावर घेतलं आणि उर्वी पावसाळ्यापासून जात होती त्या पाळणाघराचा नंबर मोकळ्या हाताने शोधायला लागली. तिथे दाराला आतून कडी असते, मूल एकटं रस्त्यावर येऊ शकत नाही, असं जूनमध्ये शंतनूनेच जाऊन, बघून सांगितलं होतं.