जोडीतला लहान वाडगा

मियोकोचा भाताचा वाडगा फुटला, त्याला आज तेवीस दिवस झाले होते आणि तिच्या नवऱ्याला, तेत्सुरोला, त्याचा पत्ताही नव्हता.

लग्नातली जोडी होती ती, त्यांच्या हागी गावच्याच मातीची. नवऱ्याचा वाडगा मोठा, बायकोचा लहान. या गावच्या मातीचा गुण असा की ती वापराने रंग धरते. अडतीस वर्षांत दोन्ही वाडगे फिक्या राखी रंगावरून पिकल्या जर्दाळूच्या रंगावर आले होते. त्यातला मियोकोचा मोरीत निसटला आणि त्याचे चार तुकडे झाले. घरात पाहुण्यांचा वाडगा होता, पण तो पाहुण्यांचा. ती लोणच्याच्या बशीत भात घेऊ लागली. माशाच्या वड्या करताना लगद्यातला केसाएवढा काटा हेरण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला समोर बसलेल्या बायकोच्या हातातली बशी दिसू नये? तिनेही मनाशी गाठ मारली, हे विचारतील तेव्हाच नवा वाडगा आणायचा.

अशात विहीणबाई आल्या. लेक नानामी फिनलंडला दिलेली, तिची ही सासू पैवी. सुनेकडून दोन वर्षं भाषा शिकून बाई पहिल्यांदाच जपानात आली होती, आणि हागीत तिचा मुक्काम एका दिवसाचा.

सकाळी मियोकोने भाताचा पहिला घास घरच्या देव्हाऱ्यात पितरांपुढे ठेवला, मग पानं मांडली. सोयाबीनचं सार, भाजलेला मासा, मुळ्याचं लोणचं. पैवीने साराचा घोट घेतला आणि डोळेच मिटले. "अहाहा! काय चव आहे!"

"आहेच मुळी," तेत्सुरो म्हणाला. "हिच्या हातच्या साराला तोड नाही."

मियोकोचा हात थबकला. अडतीस वर्षांत हे वाक्य तिच्या कानावर आलं नव्हतं. आणि आज आलं ते दुसरीच्या नावावर टपाल यावं तसं. आपल्या दारावरून पुढे गेलं.

मग तिघं बाजारात निघाली. तेत्सुरो आणि पैवी पुढे, मियोको पिशव्या घेऊन मागे. आयुष्यभर 'हं' आणि 'ओय' एवढ्या दोनच शब्दांवर संसार केलेला हा माणूस आज नुसता वाहत होता. ही संत्र्याच्या सालीची वडी, चाखून बघा. या माशाच्या वडीला बोट लावा, कशी उसळते! खाटकाच्या दुकानापुढे तर त्याने गरमागरम बटाट्याची कटलेटं घेतली आणि रस्त्यात उभ्याने खायला सुरुवात केली. लग्नानंतरच्या पहिल्याच जत्रेत मियोकोने असंच काहीसं तोंडात टाकलं होतं, तेव्हा हाच म्हणाला होता, "रस्त्यात खातात का? गुरं खातात रस्त्यात." त्यानंतर तिने कधी रस्त्यात खाल्लं नाही.

खाटकीणबाईंनी काउंटरवरून हाक मारली, "अहो तेत्सुरोकाका, आज तोंडाचं कुलूप कुठं पडलं? काकू, किल्ली विहीणबाईंकडे होती वाटतं!"

"राहू दे त्यांच्याकडेच," मियोको हसत म्हणाली. हसताना दात मात्र एकमेकांवर घट्ट होते.

देवळातले सोएनबुवा दर महिन्याला गाऊन प्रवचन करत. मियोकोने त्यांचं एकही चुकवलं नव्हतं. त्यांचा आवाज चढला की तिच्या डोळ्यांना आपसूक धार लागे. मागच्याच खेपेला बुवांनी मत्सर घेतला होता. शेगडीवर विसरलेला भात तो, म्हणाले, करपल्याचा वास शेजाऱ्यांना आधी येतो, घरच्या बाईला सर्वांत शेवटी. मियोकोने तेव्हा मनापासून मान डोलावली होती. अगदी आपल्या जावेचं वर्णन! आज मात्र तिलाच वास येत होता.

कुवाताआजींच्या भांड्यांच्या दुकानात तर कहर झाला. तेत्सुरो विहीणबाईंसाठी वाडगा निवडायला बसला. एक द्यायचा, परत घ्यायचा, दुसरा द्यायचा. "असा नाही हो. बूड तळव्यात विसावलं पाहिजे. अंगठा कडेवर. हां, आता बघा, जड वाटतो?" त्याने तिचा अंगठा स्वतः उचलून कडेवर ठेवला. दारात उभ्या मियोकोच्या हातातली मुळ्यांची पिशवी एकदम मणाची झाली. आपल्या हातांची मापं याने कधी घेतली होती? तिची जोडी तर सासूने निवडली होती.

"हा छान," पैवी म्हणाली. मग मागे वळून तिने शब्द जुळवत विचारलं, "आणि मियोकोताईंना? त्यांच्याकडे नाही. सकाळी बशीत जेवल्या."

तेत्सुरोने वळून बघितलं.

"बशीत?" तेत्सुरो म्हणाला. "कधी?"

"तेवीस दिवस झाले," मियोको म्हणाली.

एका दिवसाच्या पाहुणीला जे एका न्याहारीत दिसलं, ते याला तेवीस दिवसांत नाही! मियोकोला बाईचा रागही धड करता येईना, आणि त्याचाच जास्त राग आला. तेत्सुरोचे कान लालभडक झाले. त्याने घाईने फळीवरचा एक लहान वाडगा उचलला. "मग बोलायचं नाही का? हा घे."

तळव्यात बसतो का, अंगठा कुठे येतो, काही नाही. नुसतं 'हा घे'. मियोकोने वाडगा पिशवीत ठेवला. "उत्तम आहे," ती म्हणाली. कुवाताआजींनी तिच्याकडे नीट बघितलं आणि गालातल्या गालात हसल्या.

संध्याकाळी पानं मांडली. पैवीपुढे तिचा नवा वाडगा. तेत्सुरो बसला, त्याने हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. त्याच्यापुढे दुपारचा तो लहान वाडगा होता, कोरा, राखी. आणि त्याचा जर्दाळू रंगाचा मोठा वाडगा मियोकोच्या तळव्यात विसावला होता, अंगठा कडेवर.

"हे काय?"

"तुम्हीच निवडलात ना? नवा आहे. रंग चढायला अडतीस वर्षं लागतील, करा सुरुवात."

पैवीने एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं आणि सारात तोंड लपवलं.

तेत्सुरो मान खाली घालून जेवू लागला. चार घासांत वाडगा रिकामा. सवयीप्रमाणे त्याने तो न बोलता पुढे केला. मियोको खिडकीबाहेर बघत राहिली.

"ओय."

ती बाहेरच बघत होती.

"अगं, भात."

"कुणाला म्हणता? इथे बायका दोन आहेत."

तेत्सुरोने पाहुणीकडे बघितलं, वाडग्याकडे बघितलं. घसा खाकरला.

"मियोको," तो म्हणाला. "भात वाढतेस का?"

तिने झाकण काढलं आणि वाढला. पण वाडगा लहान, आणि तिने तोही अर्धाच भरला.