अर्जाची मुदत

“थांबा मास्तर. त्यो शबूद परत वाचा,” केरबा म्हणाला.

नानासो मास्तरांनी वर्तमानपत्रावर बोट ठेवलं. “उदारमतवादी.”

“मंजे?”

इस्लामपूरजवळच्या त्या गावात मास्तर रोज सकाळी वाचनालयात पेपर मोठ्यानं वाचत आणि अडलेल्या शब्दाचा अर्थ सांगत. “आपल्याला न पटणारं मतही जो ऐकून घेतो, त्याचा विचार करतो, तो उदारमतवादी,” ते म्हणाले. “वाक्यात सांगायचं तर...”

“आमचं मास्तर उदारमतवादी हायती!” केरबानं वाक्य पुरं केलं. माणसं हसली. दोघातिघांनी माना हलवल्या.

“दुसऱ्याच्या घरात समदा गावच तसला असतोय, गड्या,” हंबीरराव तंबाखू मळत म्हणाला. “सोताच्या घरात कळतंय.”

तो सहज बोलला होता. मास्तरांना मात्र पुढची ओळ सापडेना.

घरी टेबलाच्या खणात त्यांच्या सुनेचा, लीलाबाईचा, अर्ज पडून होता. मास्तरांचा मुलगा ब्रह्मदेशच्या लढाईत पडला, त्याला दोन वर्षं झाली होती. लीलाबाई सातवी पास. मिरजेच्या एका दवाखान्यात नर्सचं शिक्षण मिळतं, म्हणून तिनं भावाकडून अर्ज मागवला होता. सासऱ्याची सही तेवढी हवी होती. महिन्यापूर्वी तिनं सगळं सांगितलं. मास्तरांनी एकदाही न तोडता ऐकलं आणि म्हणाले, “विचार करतो.”

विचार त्यांनी केलाच नाही. भावकीतली एकही सून परक्या पुरुषांची अंगं पुसायला गेली नव्हती, एवढंच त्यांच्या मनात आलं. पण नाही म्हटलं तर गावातलं नाव जाणार. मुदत मेअखेरपर्यंत होती. तारीख त्यांना पाठ होती. ती जाऊन आज चार दिवस झाले होते.

वाचन अर्ध्यावर सोडून मास्तर घरी आले. लीलाबाई सोप्यात ज्वारी पाखडत होती. त्यांनी खणातून अर्ज काढला, सही केली आणि तिच्यापुढं धरला.

“तारीख गेली. पुढच्या साली पाठवू.”

“पुढच्या साली मला सव्वीस लागंल, मामंजी. पंचविशीच्या वरच्या घेत न्हाईत. तवा सांगितलं हुतं की.”

मास्तरांना ते आठवेना.

“तवाच न्हाई म्हणाला असतासा, तर मी भांडली असती,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “मला वाटलं, तुमी विचार करतायसा.”

लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मास्तरांनी तिला सांगितलं होतं, माझ्यापुढं डोकं झाकायचं नाही, तू मला लेकीसारखी. सात वर्षं ती त्यांच्यापुढं उघड्या डोक्यानं वावरली होती.

तिनं सूप खाली ठेवलं. दोन्ही हातांनी पदर डोक्यावरून कपाळाखाली ओढून घेतला.

“ताट करू?” तिनं पदराआडून विचारलं.