आरोप मेसोपुस्तावर

आमच्या बेटावरच्या गावात वर्षभरात जे काही वाईट घडतं, ते मेसोपुस्त करतो. मेसोपुस्त म्हणजे गवताचा माणूस. अंगात जुना कोट आणि कोणाची तरी टाकून दिलेली विजार. ईस्टरआधीचे उपवास सुरू होण्याच्या आदल्या मंगळवारी त्याला बंदराजवळच्या चौकात खुर्चीला बांधतात, त्याच्यावर खटला चालवतात आणि संध्याकाळी धक्क्यावर नेऊन जाळतात. त्याच्याबरोबर हिवाळाही जातो, असं म्हणतात. आरोपपत्र पद्यात असतं. पाद्रीबाबांच्या कोंबड्या कोणी पळवल्या, बेकरीवाल्याच्या पिठात मीठ दोनदा कोणी घातलं, असं वाचणारा विचारतो आणि सगळा चौक एका सुरात ओरडतो, "मेसोपुस्तानं." ज्याच्यावर कडवं असेल त्याने हसायचं. जो रागावेल, त्याच्यावर पुढच्या वर्षी दुप्पट कडवी.

ते आरोपपत्र बावीस वर्षं मी लिहीत होतो. हे फक्त आंद्रोला ठाऊक होतं, कारण वाचायचा तो. आंद्रोचा आवाज मासळीबाजारात घडलेला. माझा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही पोहोचत नाही. मी एकतीस वर्षं वाचनालयात नोकरी केली, तिथे तो दोष मानत नसत. माझी कडवी सौम्य असायची. ज्याला खरोखर लागेल असं मी कधी लिहिलं नाही. हा चांगुलपणा होता की भित्रेपणा, ते मला आजही सांगता येणार नाही.

मागच्या वर्षीच्या आधीच्या शरदात एका गुरुवारी ओलिवा माझ्या दारात आली. हातात पालेभाजीचं भांडं होतं. ती चौऱ्याहत्तर वर्षांची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, चर्चमागे एकटी राहते. आमची ओळख नमस्कारापुरतीच.

"लोव्रे, तुम्ही लहान मुलांना कधी शिकवलंय का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग बरं. मला शिकवा."

बेटाच्या पलीकडच्या अंगाला, मेंढ्यांमागे तिचं बालपण गेलेलं. शाळा म्हणून तिने पाहिलीच नव्हती. पोस्टात, दवाखान्यात, दुकानात ती साठ वर्षं एकच वाक्य म्हणत आली होती, 'चष्मा घरी राहिला, तुम्हीच वाचा.' तिची बहीण अर्जेंटिनात असते. तिची पत्रं आधी जुने पाद्री वाचून दाखवायचे, मग पोस्टमन.

"दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेलं पत्र उष्टं लागतं हो," ती म्हणाली. "पण हे कोणाला कळता कामा नये. या वयात गावाला हसायला नवं कारण नको."

मी म्हणालो, मी कोणाला सांगणार. मला बोलायला आहे तरी कोण.

दर गुरुवारी ती येऊ लागली, भांडं घेऊन, म्हणजे शेजाऱ्यांना वाटावं भाजी द्यायला आली. सरावासाठी मी तिला आरोपपत्रांचे जुने मसुदे दिले. छोट्या ओळी, ओळखीची नावं. त्यामुळे माझं गुपित तिलाही कळलं. तिने ते कोणाला सांगितलं नाही. नाताळानंतर ती अक्षर जोडून शब्द वाचायला लागली. कधी एखाद्या कडव्यावर थांबायची, मनात पुन्हा वाचायची आणि उशिरा हसायची. ईस्टर झाला की बहिणीचं पहिलं पत्र तिने स्वतः वाचायचं, असं आमचं ठरलं होतं.

आणि मी आंद्रोला सांगितलं.

जानेवारीत, त्याच्या घरी, वाइनच्या दुसऱ्या पेल्यावर. मी आनंदात होतो, एवढंच कारण. ज्याला आनंदाची सवय नसते त्याच्याकडून तो सांडतो. 'कोणाला बोलू नकोस' असं मी त्याला म्हणालो होतो का? म्हणालो असेन. बहुतेक म्हणालो. शपथ घेऊन सांगता येणार नाही.

त्या वर्षी पहिल्यांदाच पर्यटनवाल्यांनी आमच्या खटल्याची जाहिरात केली. 'वसंताचं स्वागत, गावाकडची गमतीदार प्रथा, एका दिवसाची सहल, जेवणासह.' सकाळच्या फेरीबोटीतून तीन बसगाड्या उतरल्या. मेंढीची कातडी पांघरलेल्या, कमरेला घंटा बांधलेल्या आमच्या पोरांबरोबर लोकांनी फोटो काढले, द्रोणातून तळलेले गोळे खाल्ले आणि दुपारी खटल्याला बाकांवर येऊन बसले. मी तिसऱ्या रांगेत होतो. ओलिवा बेकरीच्या दाराशी, शेजारणीबरोबर उभी होती.

आंद्रो वाचू लागला. कोंबड्या झाल्या, पीठ झालं. गावकरी ओरडत होते, पण पाहुणे गप्प. त्यांना कोंबड्या माहीत नव्हत्या आणि पाद्रीही. मागून एकजण म्हणाला, "यापेक्षा जेवणाकडे गेलो असतो." ते आंद्रोने ऐकलं असावं. त्याने खिशातून दुसरा कागद काढला.

"चष्मा घरी राहिला म्हणते, वर्षं झाली साठ,
ओलिवाबाई गिरवते आता मुळाक्षरांचा पाठ.
मास्तर भित्रा, पोर म्हातारी, पडदा घेतात ओढून,
एकच अक्षर शिकती रोज, बाकी सगळी सोडून.
अक्षरं हिची चोरली कोणी?"

"मेसोपुस्तानं," चौक गरजला. या वेळी पाहुणेही ओरडले. चष्मा आणि पडदा कोणालाही कळतो.

मी हसलो. सांगायचं आहे ते हेच. बावीस वर्षांच्या सवयीने माझं तोंड हसलं आणि तसंच हसतं ठेवून मी बेकरीकडे पाहिलं. ओलिवा माझ्याकडेच पाहत होती. तीही हसत होती, नियमापुरतं. शेजारीण तिला कोपराने ढोसत काहीतरी म्हणत होती. मग ओलिवाने डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि ती हळूहळू चालत घरी गेली. मेसोपुस्ताला जाळायला ती थांबली नाही. मी थांबलो. न थांबणं लोकांच्या डोळ्यांवर आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंद्रोकडे गेलो. उपवासाच्या पहिल्या सकाळी चर्चमध्ये लावतात ती राख कपाळावर घेऊन तो खारवलेला मासा भिजत घालत होता.

"तू हे का केलंस?" मी विचारलं.

"बस तरी आधी. अरे, तिथे काय परिस्थिती होती पाहिलीस ना? माणसं झोपत होती. तुझी कडवी म्हणजे, मास्तर, आजाऱ्याची पेज. जरा मीठ लागतं."

"तुझ्या खिशात तो कागद आधीपासून होता."

तो मासा उलटा-सुलटा करत राहिला. "असू द्यावा म्हणून लिहून ठेवला होता. गरज नसती लागली तर नसता वाचला."

"मी विश्वासाने सांगितलं होतं, आंद्रो."

"ती माणसं एका दिवसाची सहल करून गेली. कोण ओलिवा, कोण लोव्रे, त्यांच्या ध्यानातही नसेल. आणि गावाचं म्हणशील, तर गावाला चष्म्याचं आधीपासून ठाऊक होतं. फक्त तुला वाटत होतं की गुपित आहे."

"तिलाही वाटत होतं."

ओल्या हाताने खिशातून तो कागद काढून त्याने माझ्यापुढे टाकला. "घे. फाड, जाळ, काय करायचं ते कर. बावीस वर्षं तुझं नाव तोंडातून काढलं नाही मी, ते मात्र विसर."

ते खरं होतं. त्यामुळे मला धड रागावताही आलं नाही.

तिथून मी तसाच ओलिवाकडे गेलो. तिने दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही.

"ते तुम्ही लिहिलं?" तिने विचारलं.

"नाही."

"हातातला तो कागद दाखवा."

मी कागद दिला. उंबऱ्यावर उभं राहून, बोट ठेवून तिने तो सगळा वाचला. तोंडातल्या तोंडात, पण न थांबता. फक्त 'मुळाक्षरांचा' या शब्दाला अडली. सवयीने मी पुढचं अक्षर सांगायला गेलो, तर तिने हात वर करून मला गप्प केलं आणि स्वतःच शब्द पुरा केला.

"नाही, हे तुमचं नाही," ती म्हणाली. "तुमच्या ओळी शेवटी लंगडतात. या नाचतात. पण त्याला कळलं कुठून?"

एवढ्यावर मला थांबता आलं असतं. पोस्टमन म्हणता आलं असतं. शेजारीण म्हणता आलं असतं.

"मी सांगितलं," मी म्हणालो.

तिने कागदाची नीट घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. "तुमचं मी कोणाला सांगितलं नव्हतं, लोव्रे."

"माहीत आहे."

"काल हसलात तुम्ही."

"हो."

"पुढच्या वर्षी हे लिहा आरोपपत्रात. मेसोपुस्तानं केलं म्हणून नव्हे. नाव घालून लिहा." मग तिने दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी लिहिलं. बाकीची कडवी सवयीने लिहून झाली, मन लागलं ते एवढ्यातच. एकच कडवं, चार ओळी, त्यात माझं नाव. कोंबड्यांच्या आणि होड्यांच्या कडव्यांमध्ये ते ठेवून मी कागद आंद्रोला दिले. त्याने वाचून पाहिले आणि मान डोलावली.

यंदा पाच बसगाड्या आल्या. आंद्रो वाचत गेला. माझं पान आलं तेव्हा त्याने ते क्षणभर पाहिलं, ओठ हलवले आणि पुढचं पान घेतलं. मला वाचवलं असं त्याला वाटलं असेल. मैत्री म्हणजे हेच, असं तो समजतो.

मी उभा राहिलो. सत्तरीच्या माणसाने अशा गर्दीत उभं राहून काय साधायचं, असं वाटून गेलं. मागच्यांनी बसा, बसा म्हटलं. ओळी पाठ होत्या तरी एकही आठवली नाही. शेवटी गद्यातच, जमेल तेवढ्या मोठ्याने मी म्हणालो, "ओलिवाने मला विश्वासाने एक गोष्ट सांगितली होती. ती बाहेर कोणी फोडली? मी. लोव्रेने."

पहिल्या काही रांगांनी तरी ऐकलं असावं. आणि मग सवयीने, प्रेमाने, हसत हसत सगळा चौक ओरडला, "मेसोपुस्तानं."

"नाही, मी," मी म्हणालो.

"मेसोपुस्तानं," पाहुणे दुप्पट जोराने ओरडले. त्यांना हा खेळाचाच भाग वाटला. कोणीतरी माझा फोटो काढला. आंद्रो वाचायच्या चौथऱ्यावरून टाळ्या वाजवत होता.

ओलिवा चौकात होती. चर्चच्या भिंतीशी एकटीच उभी होती, हसत नव्हती. तिने ऐकलं का, आणि ऐकलं असेल तर लोकांचं ऐकलं की माझं, हे एवढ्या अंतरावरून मला कळलं नाही.

त्या आठवड्यात गुरुवारी, वर्षभर बंद पडलेल्या शिकवणीच्या वेळी, मी टेबल पुसून ठेवलं. दार कोणी वाजवलं नाही. ती येईल अशी अपेक्षा मी केली नव्हती, असं म्हणालो तर ते खोटं ठरेल.